कुत्रं किती फिरवायचं, आणि ते ठरवायचं कोणी

घरात कुत्रं आलं की पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न पडतात. हे खाणार काय आणि याला रोज फिरवायचं किती. पहिल्याचं उत्तर निदान फूडच्या पाकिटामागे छापलेलं तरी असतं, दुसऱ्याचं मात्र ज्याला विचाराल तो वेगळंच सांगतो. ब्रीडर म्हणतो सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास, आमच्या फ्लॅट स्कीमचा चौकीदार म्हणतो मोकळं सोडून द्या ना ताई, ते स्वतःच फिरून येते, आणि ज्याच्या मनगटावर नवीन स्मार्टवॉच आलंय त्याचं तर विचारूच नका, तो स्वतःच्या दहा हजार स्टेप्स कुत्र्याच्याही नावावर टाकून मोकळा होतो. (कुत्र्याला पाय चार, मग वीस हजार धरायच्या का, असं मी एकाला विचारलं होतं. तो रागावला.)

आकड्यांचा हा सोस फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. इटलीतल्या तुरिन शहराने २००५ साली चक्क नियम केला की कुत्र्याला दिवसातून तीनदा बाहेर न्यायचं, नाही नेलं तर पाचशे युरोपर्यंत दंड. जर्मनीत २०२० साली तिथल्या कृषिमंत्रीणबाईंनी नियमाच्या मसुद्यात घातलं की कुत्रं दिवसातून दोन वेळा मिळून निदान एक तास तरी बाहेर फिरलंच पाहिजे, त्यावर तिकडे हा गदारोळ, म्हातारं कुत्रं, एवढंसं कुत्रं, आजारी कुत्रं, सगळ्यांना एकच माप कसं लावणार आणि मोजायला दारात येणार कोण. शेवटी २०२२ मध्ये नवे नियम लागू झाले तेव्हा त्यात हा तासाचा आकडा राहिला नव्हता.

आता हेतू चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. गेटला साखळीने बांधलेली आणि दिवसभर त्याच दोन मीटरच्या गोलात फिरणारी कुत्री आपणही बघतोच की. पण मला विचाराल तर कुत्र्याचा व्यायाम रस्त्यावर मोजताच येत नाही. तो घरी आल्यावर मोजायचा असतो, आणि खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी.

आमच्याकडे दोन आहेत. भोपू लॅब्रॅडॉर, फिकट पिवळा, बोजड, जगातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात बिस्किट आहे अशी पक्की श्रद्धा असलेला. रिंकी गावठी, आमच्याच लेआउटमधल्या अर्धवट बांधकामावर रेतीच्या ढिगात सापडलेली, कान मोठे आणि पोट आत. घर एकच, आणि आत्ताआत्तापर्यंत वेळही एकच, रस्ताही एकच. पण दोघांना पुरेसं म्हणजे किती याचं उत्तर एक नाही, आणि ते मे महिन्यात वेगळं, जुलैत वेगळं, भोपू दोन वर्षांचा होता तेव्हाचं तर फारच वेगळं. नागपुरात राहायचं म्हटल्यावर ऋतूचं बोलणं टाळता येत नाही, त्यावर येतेच पुढे.

तर घरी आल्यावर बघायचं काय? भोपू नीट फिरून आला असेल तर दारातून सरळ पाण्याच्या भांड्याकडे जातो, अर्धं पाणी पितो, अर्धं फरशीवर सांडतो, मग कूलरसमोर पोट टेकवून मागचे पाय मागे फाकवून पडतो आणि आठ-दहा मिनिटांत त्याची धाप बसते. एक सुस्कारा टाकतो. त्यानंतर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी एक डोळा उघडून बघतो आणि परत मिटतो. हे बेतात झालं. कमी पडलं असेल तर कळायला तेवढाही वेळ लागत नाही, माझी एक चप्पल तोंडात धरून तो हॉलमध्ये सावकाश फेऱ्या मारतो, चावत नाही, नुसती सगळ्यांना दाखवतो, आणि मग पाय पुसण्याच्या फडक्याची पाळी येते. जास्त झालं असेल तर मात्र ओळखायला डोळा लागतो. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी धाप बसत नाही, पडायची इच्छा दिसते पण पडत नाही, उगाच जागा बदलत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना आधी पुढचा अर्धा भोपू उठतो आणि मागचा अर्धा थोडा विचार करून उठतो. हे दिसलं की त्या दिवशी फेरी निम्मी, मग बाहेर हवा कितीही छान असो.

रिंकीचं याच्या उलट. ती फिरून आल्यावर झोपलीच पाहिजे असं काही नाही. ती बाल्कनीच्या कठड्याच्या फटीतून खाली रस्ता बघत बसते, कोण आलं, कोण गेलं, दूधवाला आज उशिरा का. तिचा निम्मा व्यायाम ही नजर ठेवण्याची ड्यूटीच आहे. गावठी कुत्री दिवसा, त्यातून उन्हात, बहुतेक पडून असतात आणि पहाटे नि तिन्हीसांजेला जागी होतात हे कुठल्याही गल्लीत उभं राहिलं की दिसतं. तिला दुपारी ओढून बाहेर काढायचं म्हणजे तिच्या घड्याळाच्या विरुद्ध जायचं. पहाटे मात्र पट्टा घेताना कडीचा आवाज झाला तरी ती दारात हजर असते.

कुत्र्याची जात कशासाठी घडवली गेली हे माहीत असलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे होते, थंडगार पाण्यात उड्या मारून जाळी-दोर ओढून आणायचे, पुढे इंग्रज शिकाऱ्यांनी त्यांना मारलेले पक्षी उचलून आणायला लावलं. म्हणजे या प्राण्याला काहीतरी तोंडात धरून तुमच्याकडे आणण्यात आयुष्याचं सार्थक वाटतं. त्याला डांबरी रस्त्यावरून सरळ रेषेत तीन किलोमीटर न्या, तो येईल बिचारा, पण ते त्याचं काम नाही. त्यापेक्षा गच्चीवर लपवलेला जुना मोजा शोधून आणायला लावा, दहा मिनिटांत जास्त खूश. बीगल नाकाने सशामागे जाणारा, त्याला तुमच्या पायाशी चालवणं म्हणजे दोघांनाही शिक्षा. आपल्याकडचे कारवान घ्या, लातूर-सोलापूरकडे ते ठेवणारे लोक आहेत अजून, उंच, लांब पायाचे, कमरेत बारीक. बघणाऱ्याला वाटतं याला दिवसभर पळवावं लागत असेल. प्रत्यक्षात ही नजरेने शिकार धरणारी कुत्री, मोकळ्या रानात एकदा जीव तोडून धावायचं आणि मग उरलेला दिवस लोळायचं. त्यांना लांबलचक चाल नको, मोकळी जागा हवी, आणि नेमकी तीच शहरात मिळत नाही.

आणि हस्की! याच्यावर बोलायला लागले की घरचे म्हणतात झालं हिचं सुरू. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवायला वीस जणांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी मिळून हजारावर किलोमीटर बर्फ साडेपाच दिवसांत पार केलं, आळीपाळीने, गाड्या ओढत. त्या कुत्र्यांतली कितीतरी सायबेरियन हस्की होती. त्याच वंशाचं पिल्लू आता निळे डोळे बघून आणलं जातं आणि सातव्या मजल्यावर, एसीच्या खोलीत, विदर्भात वाढवलं जातं. याला व्यायाम किती द्यायचा? थंडीत जेवढा पाहिजे तेवढा आपण देऊ शकत नाही आणि उन्हाळ्यात जेवढा देऊ शकतो तेवढा त्याला झेपत नाही. याला उपाय फिरवण्यात नाही, पिल्लू आणायच्या आधी आहे. असो.

पिल्लांचं वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त अत्याचार तिथे होतो आणि तोही लाडाने. आमच्या मागच्या गल्लीत एक तरुण मुलगा आपल्या जर्मन शेफर्डला, असेल सहा-सात महिन्यांचा, अ‍ॅक्टिव्हाला पट्टा बांधून पळवायचा. स्वतः सीटवर, एका हातात हँडल, एका हातात पट्टा, आणि मागे ते पिल्लू जीभ बाहेर काढून धावतंय. लोक कौतुकाने बघायचे, काय स्टॅमिना आहे म्हणून. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडं वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, हाडांच्या टोकाला मऊ भाग असतो तो तोपर्यंत पक्का झालेला नसतो, आणि शेफर्ड-लॅब्रॅडॉरला खुब्याचं दुखणं मुळातच आनुवंशिक. त्यात असं कडक रस्त्यावर एका वेगाने पळवणं. शिवाय गाडी थांबत नाही ना, कुत्र्याला थांबावंसं वाटलं तरी. मी बोलले त्याच्याशी, तो हसून म्हणाला, काकू, त्याले मजा येते. येत असेल, मी नाही म्हणत नाही, पिल्लांना तर कशानेही मजा येते.

पिल्लाच्या वयाच्या महिन्याला पाच मिनिटं असा एक हिशोब सगळीकडे फिरतो, म्हणजे चार महिन्यांचं असेल तर वीस मिनिटं. त्यामागे काही फार मोठा अभ्यास नाही, पण निदान माणसाला आवर घालायला बरा आहे. त्याहून उपयोगाचं नॉर्वेतल्या पशुवैद्यकांनी काढलं, २०१२ साली. लॅब्रॅडॉरसकट चार मोठ्या जातींची शेकडो पिल्लं त्यांनी जन्मापासून पाहिली, तर ज्यांना तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढायला-उतरायला लागत होते त्यांच्यात खुब्याचा आजार जास्त निघाला, आणि जी मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळी हुंदडली त्यांच्यात कमी. म्हणजे प्रश्न कमी-जास्तीपेक्षा कसं आणि कुठे याचा होता. पिल्लू स्वतःच्या मर्जीने पळतं, धडपडतं, मधेच बसतं, पान चघळतं, परत पळतं, हे त्याला मानवतं. लिफ्ट बंद असली तर त्याला सरळ उचलून खाली न्या, लाज कसली त्यात.

आता उन्हाळा.

नागपूरच्या मे महिन्याबद्दल नागपूरकराला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. पारा ४५ च्या वर, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, सुरू झाला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. या दिवसांत आमची फेरी पहाटे पाचच्या आत आणि रात्री दहानंतर, बाकी सगळा दिवस कूलर. संध्याकाळी सात ही वेळ लोकांना फसवते. ऊन गेलेलं असतं, वारा सुटलेला असतो, पण डांबराने दिवसभर खाल्लेली उष्णता ते तेव्हा बाहेर टाकत असतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवायची आणि सावकाश सात आकडे मोजायचे, हात काढावासा वाटला तर कुत्र्याला त्यावर चालवायचं नाही. आपण बूट घालून फिरतो म्हणून विसरतो, त्याच्या पंजाच्या गाद्या म्हणजे शेवटी कातडीच.

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याच्या घामाच्या कामाच्या ग्रंथी त्या पंजाच्या गाद्यांपुरत्या, बाकी सगळा भार जिभेवर नि धापेवर. जिभेवरची, तोंडातली ओल सुकते आणि तेवढा तो थंड होतो. आमची हवा कोरडी, म्हणून सावलीत पडून राहिलं तर त्यावर निभावून जातं तरी. मुंबई-कोकणातले लोक म्हणतात आमच्याकडे ३३-३४ च असतं, तर बाबांनो तिथे हवेतच एवढी ओल की जिभेवरची ओल सुकणार कशी, धाप नुसती चालूच राहते आणि त्या धापेने अंग उलट अजून तापतं. कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, आपल्यापेक्षा जास्तच. ते १०६ च्या घरात गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात आणि हे सगळं होतं अगदी थोड्या वेळात. पग, बुलडॉग, शिहत्झू यांची नाकंच चपटी, श्वासाची वाटच अरुंद, त्यांना उन्हाळ्यात फिरवणं म्हणजे फक्त शी-शूसाठी खाली आणि परत वर.

आणि हे लक्षात ठेवायचं की भोपूसारखी कुत्री स्वतःहून थांबत नाहीत. चेंडू फेकला की तो आणणारच, दम लागला तरी आणणार, चक्कर येईपर्यंत आणणार. तो थांबला नाही म्हणजे त्याला झेपतंय, हा हिशोब लॅब्रॅडॉरच्या बाबतीत साफ चूक. जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाशी रुंद झाली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल डगमगली की तिथल्या तिथे थांबायचं. सावली, अंगावर साधं पाणी, पोटावर, मांड्यांच्या आत, भरपूर, वर पंखा किंवा वारा, आणि हे करत करतच डॉक्टरकडे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका. लोक हमखास तेच करतात, आणि तो टॉवेल दोन मिनिटांत गरम होऊन आतली उष्णता आतच कोंडतो.

थंडीत मात्र आमचं शहर कुत्र्यांसाठी स्वर्ग. डिसेंबरची सकाळ, सेमिनरी हिल्सकडचा रस्ता, धुकं, सगळे स्वेटर-मफलरमध्ये आणि भोपूला जणू वय परत मिळालेलं. तेव्हा तासभरही कमीच पडायचा.

फिरायला नेणारे लोक बघितले की मला दोन प्रकार दिसतात. एक पट्टा ओढत नेणारे, चल चल चल. दुसरे पट्टा सैल सोडून फोनमध्ये. दोघांनाही कुत्रं खांबाशी थांबलं की त्रास होतो. माझ्या शेजारचे काका, सकाळी हात हलवत ब्रिस्क वॉक करणारे, मला त्याच त्या विजेच्या खांबापाशी उभी बघून म्हणाले, "काऊन बेटा, आज कुत्र्याच्या मागं मागं फिरून राहिली?" म्हटलं हो काका, आज तिचा टर्न आहे.

कारण ते वास घेणं हाच तर कार्यक्रम आहे. आपल्या नाकात वास पकडणारे रिसेप्टर असतात पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. त्या खांबावर काल रात्रीपासून कोण कोण येऊन गेलं, त्यातलं नर कोण, मादी कोण, हे रिंकीला नाकानेच कळतं. ती नुसतं हुंगत नाही, जवळून बघितलं तर कळतं, आधी वरवर एक वास, मग मान थोडी तिरकी करून खालच्या कोपऱ्यात नाकपुडी जवळजवळ टेकवून भराभर छोटे छोटे श्वास, मग एकदम थांबते, नाक वर, तोंड अर्धवट उघडं, दात हलकेच कटकटतात. मग परत पहिल्या जागी, पडताळा घ्यायला. तर्री-पोह्याच्या गाडीपाशी तर तिला हलवायला पाच मिनिटं कमी पडतात, तो गाडीवालाही आता हसून बघतो पण काही देत नाही, मी बजावून ठेवलंय.

२०१९ मध्ये शार्लोट दुरांतों आणि न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी एक साधा प्रयोग केला होता. काही कुत्र्यांना दोन आठवडे रोज वासाने खाऊ शोधायचा सराव, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव. आधी सगळ्यांना शिकवलेलं की भांडं या बाजूला असलं तर खाऊ असतो, त्या बाजूला असलं तर नसतो. मग भांडं ठेवलं मधेच, संदिग्ध जागी. दोन आठवड्यांनंतर वास शोधणारी कुत्री त्या मधल्या भांड्याकडे आधीपेक्षा लगबगीने गेली, म्हणजे असेल काहीतरी चांगलं अशी आशा धरून. पायाशी चालणाऱ्यांत तसा काही फरक पडला नाही. मला हा प्रयोग फार आवडतो कारण त्यात कुणाच्या स्टेप्स मोजलेल्या नाहीत.

आणि एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही खरं तर. कुत्रं फार मस्ती करतं म्हणून त्याला अजून पळवायचं, अजून पळवायचं, असं केलं की सहा महिन्यांनी घरात एक तयार अ‍ॅथलीट उभा राहतो, ज्याला तेवढ्याने आता काही होतच नाही. तो दमत नाही, तुम्ही दमता. गच्चीवर चेंडू पन्नास वेळा फेकणं हे त्यातलंच, शिवाय टाइल्सवर धावत जाऊन करकचून ब्रेक मारायचा आणि वळायचं यात गुडघ्याचे लिगामेंट जातात, वजनदार कुत्र्यांचे तर हमखास. अशा कुत्र्याला शांत बसायला शिकवणं हाही व्यायामच आहे. मोठं कुत्रं दिवसाला बारा-चौदा तास झोपतं, ते आळशी नसतं, त्याची तेवढी गरजच असते. मुलं शाळेतून आली की त्याला उठवून खेळायला लावतात, तेव्हा मी मुलांनाच बाहेर पाठवते.

शहरातली अजून एक भानगड म्हणजे हद्दी. प्रत्येक चौकात तिथली पाच-सहा कुत्री, आणि तुमचं कुत्रं त्यांच्या हद्दीत घुसलेलं. पुस्तकात लिहिलेलं असतं तीस मिनिटं चालवा, त्यातली वीस मिनिटं कान मागे, शेपूट पोटात घालून चालला तर तो कसला व्यायाम, ती वरात झाली. आम्ही रस्ता बदलून बदलून शेवटी एक असा काढला की त्यात दोनच हद्दी लागतात आणि त्या दोन्हीकडची मंडळी आता रिंकीला ओळखतात. लांबी कमी आहे. चालतं.

पावसाळ्यात वेळापत्रक पार कोलमडतं. झड लागली की दोन-दोन दिवस बाहेर पडायची सोय नाही, साचलेल्या पाण्यातून नेलं तर लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती (लस दिलेली असली तरी डबकी टाळाच), गवतात नेलं तर गोचीड आणि त्यातून टिक फीव्हर, जो आमच्याकडे किती कुत्र्यांना होतो ते कुठल्याही व्हेटच्या दवाखान्यात ऑगस्टमध्ये बसून बघावं. आल्यावर कानामागे, बोटांच्या मधे, शेपटीखाली हात फिरवून तपासायचं, हे न चुकता. मग घरातच काहीतरी. जुना टॉवेल पसरायचा, त्यावर त्याचं रोजचंच जेवण, चार-चार दाणे, टाकत टॉवेल गुंडाळायचा, दोन गाठी मारायच्या आणि द्यायचा. भोपू नाक, पंजे, दात सगळं लावून तो उलगडतो आणि जे जेवण दीड मिनिटात संपायचं ते वीस मिनिटं चालतं. मग झोपतो. बाहेर पाऊल न टाकता.

दिवाळीतही हेच. फेरी उजेडात उरकायची, अंधार पडायच्या आत घरी, हार्नेस आणि पट्टा दोन्ही पक्के. फटाक्याला घाबरून पट्ट्यातून मान काढून पळालेली कुत्री शोधण्याच्या पोस्ट दरवर्षी त्याच चार दिवसांत येतात.

वजनाबद्दल मात्र मी जरा कडक आहे. बरेच जण म्हणतात, वाढलंय वजन, फिरवतो ना जास्त. नाही हो होत तसं. फिरण्याने वजन उतरतं ते फार थोडं, खरं काम ताटात. त्यातून लॅब्रॅडॉर. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण दर चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो आणि ती कुत्री कायम भुकेली असतात. पुढे २०२४ मध्ये त्यांनीच सांगितलं की बसल्या जागी त्यांची ऊर्जाही इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी खर्च होते. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. भोपूची टेस्ट काही आम्ही केली नाही, त्याच्याकडे बघून करायची गरज वाटत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेला अभ्यास २००२ साली छापून आला, भावंडांच्या जोड्या, एकाला नेहमीचं जेवण, दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी. कमी खाणारी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. दोन वर्षं! हे मी सासूबाईंना छापील कागद दाखवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी भोपूला तूप लावलेली पोळी दिली, तेवढ्याने काय होते, म्हणाल्या.

घरच्या घरी बघायचं असेल तर कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवा आणि मग आपल्याच हातावरून. मूठ आवळून तिच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर तो बारीक, तळहात उघडून बोटांच्या मुळाशी लागतं तसं दबून लागलं तर जाड, आणि हात सरळ पसरून मागच्या बाजूने जाणवतं तेवढ्या लागल्या तर बरोबर. जाड कुत्र्याला एकदम जास्त फिरवू नका, आधी ताट कमी, मग हळूहळू पाय. आणि भरल्या पोटी पळवायचं नाही, डोबरमन, ग्रेट डेन, शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो आणि तो पडला तर हातात तास-दोन तासच असतात.

पगारी वॉकरचा अनुभव विचारतात बरेच जण. चांगले असतात, नसतात, माणसावर आहे. आमच्याकडे काही महिने एक मुलगा येत होता. वेळेत न्यायचा, वेळेत आणायचा, घड्याळ लावून घ्यावं इतका. पण भोपू आल्यावर पाणी प्यायचाच नाही. धाप नाही, झोप नाही, उलट चप्पल तोंडात. मग कळलं, अर्धा तास कोपऱ्यावरच्या टपरीशी खांबाला बांधलेला असायचा, सोबत अजून तीन. त्या मुलाला आम्ही काही फार बोललो नाही, निरोप दिला. भांड्यातलं पाणीच सगळं सांगत होतं.

भोपू आता अकराचा आहे. तोंड पांढरं झालंय, मागचे पाय लिफ्टच्या फटीपाशी अडखळतात. डॉक्टर म्हणतात चालणं बंद करू नका, बंद केलं की मांड्यांचे स्नायू जातात आणि मग सांध्यांना आधारच राहत नाही, पण लांब एक फेरी नको, छोट्या छोट्या करा. म्हणून आता दिवसातून चार-पाच वेळा खाली, कधी दहा मिनिटं, कधी नुसतं गेटपर्यंत आणि मातीत थोडं उभं राहून परत. हॉलमध्ये गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या अंथरल्या, घर दिसतं कसं ते विचारू नका. पंजांमधले केस कापायचे म्हणजे पाय घसरत नाहीत, नखंही वाढतात आता कारण रस्त्यावर घासली जात नाहीत. रिंकीची फेरी वेगळी, नवरा नेतो तिला पहाटे लांबवर, आधी दोघं एकत्र जायचे तेव्हा ती दर वळणावर थांबून मागे बघायची नि तो ओशाळल्यासारखा पाय उचलायचा, ते मला बघवेना.

गेल्या महिन्यात लग्नाला बाहेरगावी जायचं होतं, भाच्याला घरी राहायला बोलावलं. त्याने पहिल्याच दिवशी मेसेज केला, मामी, भोपूला किती मिनिटं न्यायचं ते लिहून दे ना, अलार्म लावतो. मी लिहिलं, मिनिटं नको, तो गेटबाहेर डावीकडे वळला तर जा त्याच्याबरोबर, उजवीकडे वळला तर त्याला घरी यायचंय, घेऊन ये, आणि आल्यावर पाणी पितो का बघ. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. म्हणे, मामी, तो डावीकडे वळला, पोह्याच्या गाडीपर्यंत गेला आणि तिथे बसून राहिला, उठतच नाही, काय करू?

म्हटलं, तूही एक प्लेट घे, तर्री जास्त सांग.